गिटारचा आवाज मागाहून येतो? लॅपटॉप बदलू नका

संपादक साहेब, नमस्कार.

घरी कॉम्प्युटरवर गिटार रेकॉर्ड करणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितोय, जमलं तर छापा. माझ्या पोराने ऑडिओ इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडायचा डबा) आणला, पण तार छेडली की हेडफोनमध्ये आवाज मागाहून यायचा, आता सांगा ताल धरायचा कसा? सीताबर्डीतल्या एका दुकानात म्हणाले लॅपटॉपच नवा घ्या! बिघाड काहीच नव्हता हो, रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बफर, म्हणजे आवाजाचे किती तुकडे (सॅम्पल) साठवून मग एकदम पुढे पाठवायचे तो आकडा, १०२४ सॅम्पलवर होता. ४४१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला तेवढे सॅम्पल) त्याचे २३ मिलिसेकंद होतात, आणि आवाज आत येताना एक बफर अन् बाहेर जाताना एक, म्हणजे ४६ तर झालेच, वर ड्रायव्हरचा (इंटरफेस कॉम्प्युटरशी जोडून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा) उशीर वेगळा. आम्ही बफर १२८ केला, दोन्ही मिळून ६ च्या आसपास. हवेतून आवाज ३ मिलिसेकंदात साधारण १ मीटर जातो, म्हणजे अँप (गिटारचा स्पीकर) दोन मीटरवर ठेवून वाजवल्यासारखंच की. फारच खाली नेलं तर कटकट आवाज येतो, मग एक पायरी वर चढवायचं.

विंडोज असेल तर इंटरफेस कंपनीचाच आसिओ (ASIO, कमी उशिराचा) ड्रायव्हर निवडा. ब्लूटूथ हेडफोन तर नकोच, तो स्वतःच उशीर करतो (आमच्याकडे पहिले दोन दिवस यातच गेले, काय सांगू). इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर ते दाबलं की आवाज कॉम्प्युटरमधून फिरून न येता सरळ कानात, फक्त मग सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग (वाजवलेलं लगेच ऐकवणं) बंद करा नाहीतर डबल ऐकू येतं, आणि सॉफ्टवेअरमधला डिस्टॉर्शन (रॉकसारखा फाटका आवाज) त्या सरळ आवाजात ऐकू येत नाही.

– एका गिटारवाल्याचा बाप, नागपूर