चिवल्याच्या त्या होडीवाल्या काकांना

डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर माझी लेक पहिल्यांदाच समुद्रात पोहली. सराव सगळा तलावातला, पंचवीस मीटरवर भिंत यायची सवय. ३ किलोमीटरच्या शर्यतीत निम्म्यावर तिच्या दंडाला जेलीफिश लागला. आग आग झाली, श्वास चुकला, आणि ती जवळच्या होडीकडे वळली.

होडीतल्या काकांनी आधी तिला थांबवलं. "बाय, होडयेक हात लावलंस तर बाद होतलंस. होया तर आत्ता वर घेतंय, नायतर मी हयच आसंय." निर्णय तिच्यावर सोडला, हे मला फार मोठं वाटतं. मी असते तर ओढूनच घेतलं असतं! ती उताणी तरंगली, दम घेतला आणि निघाली. काका शेवटच्या बोयापर्यंत सोबत होडी वल्हवत होते, लाट यायच्या आधी हाळी देत.

किनाऱ्यावर मी दंडावर बिसलेरी ओतायला निघाले, तर दुसऱ्या क्लबच्या एका ताईंनी हात धरला. गोडं पाणी नको, म्हणाल्या. समुद्राच्याच पाण्याने धुतलं, मग थर्मासमधलं गरम पाणी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघितलं आणि टॉवेल भिजवून शेकत बसल्या. ते पाणी त्यांच्या कुडकुडणाऱ्या मुलींच्या कॉफीचं होतं, हे नंतर कळलं.

गडबडीत दोघांचीही नावं विचारायची राहिली. काका, ताई, मनापासून आभार. लेक शेवटून चौथी आली आणि पुढच्या वर्षीची तयारी सुरूही झाली आहे. येताना कॉफी आम्ही आणू.