कापूसपट्ट्यातली लीग आणि आपल्या पोट्ट्यांचे स्कोअर

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या पेपरात कापसाच्या भावाची बातमी आली की त्यात अमेरिका येतेच, तिकडं पीक कसं, वायदा कुठं गेला, मग पारावर त्याच्यावरच चर्चा. नातं तसं जुनं आहे. 1861 ते 65 मध्ये तिकडं यादवी युद्ध झालं, दक्षिणेचा कापूस अडकला, इंग्रजांच्या गिरण्यांना माल पाहिजे होता तेव्हा त्यांना वऱ्हाड आठवलं, 1870 ला खामगावपर्यंत रेल्वे आली ती काही आपली सोय पाहून नाही. पण त्या कापूसपट्ट्यातली माणसं कामं आटोपल्यावर काय करत होती हे आपल्याला कोणी सांगत नाही. ती बेसबॉल पाहत होती राजेहो, अन् त्यांची स्वतःची लीग होती, नावच कॉटन स्टेट्स लीग. 1955 ला कायमची बंद पडली. तिच्याबद्दल थोडं लिहितो, मग तुमच्याकडं एक मागणी आहे.

सुरुवात 1902 ची. मिसिसिपी, लुइझियाना, आर्कान्सा इथली छोटी छोटी शहरं, ग्रीनव्हिल, विक्सबर्ग, नॅचेझ, मन्रो, पाइन ब्लफ अशी. टीमची नावंही गावच्या धंद्यावरून, क्लार्क्सडेलचे प्लांटर्स म्हणजे मळेवाले, एल डोराडोला 1921 मध्ये तेल लागलं म्हणून तिथले ऑइलर्स, अन् हॉट स्प्रिंग्स गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव म्हणून तिथले बेदर्स, म्हणजे आंघोळ करणारे. मोठ्या लीगच्या खाली या मायनर लीगच्या पायऱ्या असायच्या, ए बी सी डी, ही आधी डी मध्ये होती अन् नंतर सी मध्ये, म्हणजे पार खालचीच. सलग कधी चाललीच नाही. 1908 नंतर थांबली, 1910 ला परत, 1913 नंतर पुन्हा ठप्प, 1922 ला उभी राहिली ती 32 च्या मंदीत बसली, 36 ला उठली, 41 नंतर महायुद्ध, 47 ला परत चालू. दुबार पेरणीच म्हणा ना, तिबार, चौबार, जे म्हणायचं ते.

आता यातलं खरं सांगण्यासारखं ते 1953 चं. ही लीग सगळी गोऱ्यांची. जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू 1947 लाच ब्रुकलिन डॉजर्सकडून मोठ्या लीगमध्ये खेळायला लागला होता, पण त्याच डॉजर्सची फार्म टीम, म्हणजे नवे खेळाडू तयार करायची खालची टीम, मिसिसिपीत ग्रीनवूडला होती अन् तिथं काळा खेळाडू चालत नव्हता, म्हणजे मालक एकच, गाव बदललं की कायदा बदलला. मग 53 च्या सीझनआधी हॉट स्प्रिंग्सने जिम अन् लिअँडर टगर्सन या दोन भावांना घेतलं, दोघंही काळे, दोघंही पिचर म्हणजे बॉल टाकणारे. मिसिसिपीच्या अॅटर्नी जनरलने, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाने, सांगितलं की अशी मिसळलेली टीम आमच्या राज्यात चालणार नाही, अन् लीगने मतदान घेऊन अख्ख्या हॉट स्प्रिंग्सलाच बाहेर काढलं! मायनर लीगच्या वरच्या संघटनेचा अध्यक्ष जॉर्ज ट्रॉटमन, त्याने तो निर्णय उडवला. तरी 20 मे ला जॅक्सन गावच्या टीमविरुद्ध जिम बॉल टाकायला मैदानात आला, लोक येऊन बसलेले, अन् अंपायरने एकही बॉल पडायच्या आत सामना जॅक्सनला देऊन टाकला, लीगच्या अध्यक्षाचा हुकूमच तसा होता. ट्रॉटमनने नंतर तेही फिरवलं पण जिम त्या लीगमध्ये काही खेळला नाही. त्याला टेनेसीत नॉक्सव्हिलला पाठवलं, वेगळी लीग, अन् तिथं त्याच सीझनमध्ये गड्याने 29 सामने जिंकून दिले. लीगवर 50 हजार डॉलरचा दावाही ठोकला, कोर्टाने फेटाळला. आता गंमत पहा, 1954 ला त्याच हॉट स्प्रिंग्सने काळे खेळाडू उतरवले अन् ते खेळलेही, अन् पुढच्याच वर्षी लीग संपली. कोणी म्हणेल त्याच्यामुळे संपली, मला नाही पटत. 1949 ला अमेरिकेत अशा 59 लीग होत्या, त्यातल्या कितीतरी पुढच्या काही वर्षांत गेल्या कारण घरात टीव्ही आला, मोठ्या लीगचे सामने घरबसल्या मिळायला लागले, एसी आला, मग उकाड्यात बाकड्यावर कोण बसतो. वरून कापूस वेचायची मशीन. 1944 ला क्लार्क्सडेलजवळच्या एका मळ्यात पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळं पीक मशीनवर निघालं, मग मजूर शिकागोकडे निघाले, गावं रिकामी झाली. (आपल्याकडं वेचाईला माणूस मिळत नाही अन् मशीनही नाही, तो विषय वेगळा, त्याच्यावर दुसरं पत्र लिहीन.)

तर मुद्दा हा की सत्तर वर्षांमागं बंद पडलेल्या खालच्या दर्जाच्या लीगमधल्या पोराने किती सामने जिंकले हे मला इथं यवतमाळ जिल्ह्यात बसून समजते, कारण तिकडचे गावोगावचे पेपर रोज बॉक्स स्कोअर छापायचे, कोण किती वेळा बॅटिंगला आला, किती हिट, किती रन, चूक कोणाची, सगळं. जिमवर अन्याय झाला तोही तारखेसकट कागदावर आहे, कोणाला नाही म्हणता येत नाही. अन् आपल्याकडं? दिवाळीनंतर तालुक्या-तालुक्यात टेनिस बॉलचे सामने, कबड्डीचे सामने, शाळेची पोरंपोरी सॉफ्टबॉल खेळतात, अन् बातमीत काय येते तर उद्घाटक कोण, बक्षीस कोणाकडून, मंचावर कोण कोण, अन् शेवटी अमुक गाव विजयी. कोणत्या पोट्ट्याने किती रन काढले ते नाही. पहिले कोणत्या वस्तीतल्या पोरांना टीममध्ये घेत नव्हते ते म्हातारे दबक्या आवाजात सांगतात, छापलेलं कुठंच नाही.

साहेब, जागा कमी आहे हे समजते, जाहिरातीवर पेपर चालतो हेही समजते. पण सीझनमध्ये आठवड्यातून एक दिवस अर्धा कॉलम द्या. दोन्ही गावांची नावं, ओव्हर, रन, विकेट, ज्याने जास्त काढले त्याचं पूर्ण नाव अन् गाव, बस. पोरींच्या सामन्याचंही तसंच. आयोजकांच्या वहीत स्कोअर लिहिलेला असतेच, वहीचा फोटो व्हॉट्सअपवर टाकायला सांगा, टायपिंगला माणूस नसेल तर आमच्या गावची कॉलेजची पोरं करून देतील, त्यांना विचारलं आहे. सत्काराचा फोटो पाहिजे तर राहू द्या, फक्त थोडा लहान करा.

आपला,
एक कापूस उत्पादक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ