अस्तर दाखवणाऱ्या आमच्या बाईंस

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

दहावीच्या वर्गात प्राणी वर्गीकरण शिकवत असताना एका विद्यार्थिनीने मला विचारले, "जंताच्या शरीरात पोकळी असतेच, तर तिला आभासी देहगुहा का म्हणायचे?" व्याख्या मला पाठ होती, पण तिचे समाधान काही करता आले नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली असतानाही आपण त्यासाठी एक अख्खी दुपार दिलीत आणि जपून ठेवलेली काचपट्ट्यांची पेटी काढलीत, म्हणून हे पत्र.

प्लॅनेरिया या चपट्या कृमीच्या आडव्या छेदात आतडे आणि देहभित्तिका यांच्यामधली सारी जागा पेशींनी भरलेली होती. देहगुहाहीन म्हणजे काय, ते सांगावेच लागले नाही. अस्कॅरिसच्या, म्हणजे जंताच्या, छेदात मोकळी जागा स्वच्छ दिसत होती. "हिचे अस्तर कुठून कुठपर्यंत आहे, ते दाखव," असे आपण म्हणालात, तेव्हा माझ्या ध्यानात आले की बाहेरच्या कडेला मध्यस्तरापासून, म्हणजे भ्रूणाच्या मधल्या पेशीथरापासून, बनलेले स्नायू आहेत, परंतु आतल्या बाजूला आतड्याची एकेरी पेशींची भिंत उघडीच आहे. गांडुळात मात्र पोकळीला दोन्ही बाजूंनी मध्यस्तराचे अस्तर होते आणि आतड्याला स्वतःचे स्नायू होते. त्यामुळेच गांडुळाचे आतडे शरीराच्या हालचालीवर अवलंबून न राहता अन्न पुढे ढकलू शकते, हे आपण सांगितलेत, आणि 'सत्य देहगुहा' यातल्या 'सत्य' या शब्दाला माझ्यापुरता प्रथमच अर्थ आला.

झुरळाच्या बाबतीत आपण माझी चूक दुरुस्त केलीत, त्याचे मोल मला अधिक वाटते. सत्य देहगुहेच्या रकान्यात संधिपाद, म्हणजे झुरळासारखे सांधेयुक्त पायांचे प्राणी, असतात, म्हणून विच्छेदनात दिसणारी मोठी पोकळी तीच, असे मी मुलांना सांगत आले होते. वास्तविक ती रक्तगुहा असते, तिच्यातील इंद्रिये वर्णहीन रक्तात भिजलेली असतात, आणि प्रौढ झुरळात सत्य देहगुहेचा अगदी थोडा अंश उरलेला असतो. शिवाय 1997 साली जनुकीय तुलनेवरून गोलकृमी (जंताचा गट) आणि संधिपाद हे कात टाकणारे प्राणी एकमेकांच्या जवळचे ठरवले गेले, हेही आपण आवर्जून सांगितलेत. देहगुहेचे प्रकार पायऱ्यांसारखे एकावर एक मांडून शिकवणे मी तेव्हापासून थांबवले आहे.

त्या मुलीने वहीत तिन्ही छेद काढून अस्तर तेवढे लाल रंगवले आहे. तिला काचपट्ट्या प्रत्यक्ष पाहायच्या आहेत. आपल्या सोयीच्या एखाद्या रविवारी तिला घेऊन येऊ का?

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी