ग्लिसरॉल नसलेली नळी

पाषाण, पुणे
२२ ऑगस्ट

प्रिय श्रीधर,

तुझ्या दिवाळीच्या पत्राला ऑगस्टमध्ये उत्तर देतो आहे, तेव्हा रागावण्याचा तुझा हक्क आधीच मान्य करतो. आईचा गुडघा ठीक आहे, माझी साखर आटोक्यात आहे. प्रकृतीचे एवढे पुरे. लिहायचे कारण वेगळे आहे आणि घरात ते कोणाला सांगून कळणार नाही. आपल्या ईपीआर वर्णपटात (एकाकी इलेक्ट्रॉन चुंबकाने हेरण्याचे ते तंत्र) जी ६ या जागी दिसणारा संकेत बहुधा मध्यस्थाचा, म्हणजे अभिक्रियेत क्षणभरच टिकणाऱ्या एन्झाइमच्या मधल्या रूपाचा, नाहीच.

आपले सर म्हणायचे ते आठवते ना? लग्न लागले की मध्यस्थ दिसेनासा होतो, त्याला मांडवातच धरला पाहिजे. मागच्या मंगळवारी माझ्या विद्यार्थिनीने, अनघाने, दुसऱ्या सिरिंजमध्ये अभिक्रिया सुरू करणाऱ्या पेरॉक्साइडऐवजी नुसते बफर (सामू स्थिर राखणारे द्रावण) भरले. ती चूक नव्हती. तिने ते मुद्दाम आणि मला न विचारता केले, कारण विचारले असते तर आयसोपेंटेन वाया घालवू नकोस असेच मी म्हटले असते. एन्झाइम आणि बफर, आठ मिलिसेकंद, मग गोठवण्यासाठी उणे १४० अंशांच्या आयसोपेंटेनमध्ये फवारा: बाकी सगळे नेहमीचे. संकेत जिथल्या तिथे उमटला. लग्नच नाही आणि मध्यस्थ मांडवात हजर!

पहिली रात्र मी स्पेक्ट्रोमीटरवर संशय घेण्यात घालवली, दुसरी अनघावर, आणि तिसऱ्या रात्री तुझी आठवण झाली. तलावाच्या बांधावर तू म्हणाला होतास की सोडियम फॉस्फेटचे बफर सोड. गोठताना डायसोडियम फॉस्फेट आधी स्फटिक होऊन बाहेर पडते, उरलेल्या द्रवाचा सामू (पीएच) ७ वरून ४ च्या आसपास घसरू शकतो, आणि आपण थंडीत पकडलेले रूप म्हणून जे मिरवतो ते आम्लात पोळलेले एन्झाइम असू शकते. इतक्या वेगाने गोठवल्यावर क्षाराला स्फटिक व्हायला वेळच कुठे मिळतो, असे मी तावातावाने सांगितले. ‘वेळ कमी मिळतो, मिळतच नाही असे नव्हे,’ हे तुझे उत्तर होते. त्यावर मी तुझ्या घरच्या फ्रीजवरून जे बोललो ते बोलायला नको होते, आणि त्या दिवशी चहाचे पैसे आपण दोघांनी वेगवेगळे दिले.

खरी लाज वाटते ती निराळ्याच गोष्टीची. तुलनेचे नमुने आपण ग्लिसरॉल घालून गोठवत होतो आणि अभिक्रियेचे ग्लिसरॉलशिवाय, कारण दाट द्रावण मिक्सरमधून धड जात नाही. ग्लिसरॉलच्या नळीत द्रावण काचेसारखे थिजते आणि सामू फारसा ढळत नाही. म्हणजे पेरॉक्साइडचा म्हणून जो फरक आपण दाखवला, तो ग्लिसरॉल असण्यानसण्याचा निघाला. शिवाय ८, ३० आणि १०० मिलिसेकंदांना संकेताची उंची जवळजवळ सारखीच होती. मध्यस्थ वाढतो आणि ओसरतो, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असते; आपण त्याला ‘स्थिर अवस्था’ असे भारदस्त नाव देऊन पुढे सरकलो. त्यातले ‘आपण’ म्हणजे मी.

तरीही प्रकरण एवढ्यावर मिटत नाही. पोटॅशियम फॉस्फेटमध्ये, जिथे ही घसरण बरीच कमी असते, पेरॉक्साइड घालून अनघाने सगळे पुन्हा केले, तेव्हा संकेत चौथाईवर आला, पण नाहीसा झाला नाही. ती उरलेली चौथाई मला झोपू देत नाही. ती आम्लाची आहे की खऱ्या मध्यस्थाची? ट्रिस हे दुसरे बफर वापरावे तर त्याचा सामू थंडीत उलट्या दिशेने, म्हणजे वर, चालतो, दर अंशाला जवळजवळ ०.०३ ने. तिच्या प्रबंधाची दोन प्रकरणे या संकेतावर उभी आहेत. आमचा शोधनिबंध परीक्षकांकडे आहे. तो मागे घेण्याचे पत्र लिहून तयार आहे, पण सरांना सांगितल्याशिवाय ते पाठवण्याचा धीर होत नाही, आणि सरांना सांगण्याचा त्याहून नाही.

म्हणून एक मागणे आहे. थंडीतही न गोठणाऱ्या द्रावणात एन्झाइम अभ्यासणाऱ्या डूझूंच्या वाटेने जाणारा आपल्यात तू एकटाच. निम्मे इथिलीन ग्लायकॉल घातलेले द्रावण उणे ३५ अंशांनाही द्रवच राहते, गोठण्याचा आणि क्षार बाहेर पडण्याचा प्रश्नच उरत नाही. आणि सक्रियण ऊर्जा ५० किलोज्यूल धरली तर २५ अंशांच्या मानाने वेग दीडशे पटींहून अधिक मंदावतो, म्हणजे इथले आठ मिलिसेकंद तुझ्या कुपीत सव्वा सेकंदाचे होतात. तेवढ्यात तू वर्णपट घेशील. ग्लायकॉलने एन्झाइमची चालच बदलत नाही ना, हे आधी साध्या तापमानाला पाहा, आणि शेवटी नमुना ऊबेवर आणून उत्पादित पूर्ण मिळते का तेही पाहा. हा तुझाच नियम तुला ऐकवतो आहे याची जाणीव आहे.

नव्या घराचे फोटो पाहिले, गच्ची छान आहे. ओवीची यंदा दहावी ना? वहिनींना नमस्कार.

एन्झाइमच्या सहा कुप्या कोरड्या बर्फात बांधून ठेवल्या आहेत. इकडे ढोलपथकांचा सराव सुरू झाला आहे. मिरवणुकांनी रस्ते बंद होण्याआधी पार्सल निघायला हवे, तेव्हा हो किंवा नाही एवढे लगेच कळव. नाही म्हणालास तरी त्या चहाचे पैसे माझ्याकडे लागू आहेत.

तुझा,
विनायक