हत्ती गवत सड्यावर जाणार नाही

महोदय,

मृगाच्या तोंडावर आमच्या वाडीत, देवळाच्या सभामंडपात, एका कंपनीचा प्रतिनिधी येऊन गेला. नेपिअर, म्हणजे हत्ती गवत, लावा. त्यापासून गाड्यांना चालणारा वायू तयार होईल, टनामागे ठरलेला भाव मिळेल आणि कोकणातली पडीक जमीन कामाला येईल, असे त्याचे सांगणे होते. सभासद होण्याची रक्कम तो लगेच मागत होता. भाव किती वर्षांसाठी बांधलेला आहे, असे विचारल्यावर मात्र त्याने विषय बदलला.

पडीक जमिनीचा मुद्दा ऐकायला पटतो. ज्या वरकस जमिनीत पूर्वी नाचणी आणि वरी होत असे, ती चाकरमान्यांच्या सामाईक सातबाऱ्यात अडकून आज खरोखरच रान झाली आहे. परंतु दर दोन-तीन महिन्यांनी कापणी द्यायची तर या गवताला उन्हाळ्यातही पाणी हवे, आणि तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या माळावर, एप्रिलमध्ये गुरांना पाजण्यापुरते पाणी उरत नाही. त्यामुळे गवत सड्यावर जाणार नाही, ते वहाळाकाठच्या मळ्यांत उतरेल, जिथे पावसाळी भात निघाल्यावर वायंगणी भात, कुळीथ नाहीतर पावटा होतो. एकदा कांड्या रुजल्या की काही वर्षे तो मळा भाताला मिळत नाही, आणि भाताबरोबर गुरांचा पेंढाही जातो.

2018 च्या जैवइंधन धोरणाने अतिरिक्त धान्यापासून इथेनॉल करायला वाट दिली, आणि पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे 2030 चे उद्दिष्ट पुढे 2025-26 वर आणण्यात आले. 2023 च्या जुलैत अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी देणे थांबवले गेले, नंतर ते पुन्हा सुरू झाले. कोठारातल्या तांदळाबाबत असा निर्णय एका आदेशाने फिरवता येतो. मळ्यात मुळे धरलेल्या गवताबाबत तो फिरवता येत नाही.

इंधनाला माझा विरोध नाही. मार्च ते मे या काळात काजूची बी पिळून काढल्यावर बोंडू, म्हणजे रसाळ फळ, आम्ही झाडाखालीच टाकतो. वजनाने तो बियेच्या कितीतरी पट भरतो आणि दुसऱ्या दिवशी बागभर आंबूस वास सुटतो. शेजारच्या गोव्यात त्याचीच फेणी होते, म्हणजे इंधनाचे इथेनॉलही त्यातून निघू शकते. तो वेळेत गोळा करणे अवघड आहे, हे मान्य. पण अनुदान द्यायचेच असेल तर ते या गोळा करण्याला द्यावे, त्यासाठी भाताची एक गुंठाही जमीन लागत नाही.

ई-पीक पाहणीत इंधनासाठीच्या पिकांची वेगळी नोंद व्हावी, आणि सड्यावर हे गवत पाण्याविना किती येते याची चाचणी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने घेऊन आकडे जाहीर करावेत. तो प्रतिनिधी गणपतीनंतर पुन्हा येणार आहे. तोवर कृषी विभागाने निदान कराराचा एक मराठी नमुना ग्रामपंचायतींकडे पाठवावा, अशी विनंती आहे.

– एक भातशेतकरी, राजापूर तालुका, जि. रत्नागिरी