नंदे, तू मोजत होतीस

सेलू,
१९ जून २०२५

प्रिय नंदे,

दीड वर्ष झालं तुला पत्र नाही. फोनवर बोलतो आपण, पण फोनवर मी "सगळं ठीक" म्हणते आणि तू "मग ठेवते गं" म्हणतेस. आज लिहायला बसले, कारण काल एक आकडा ऐकला आणि ऐकल्याबरोबर तू आठवलीस. घरात कुणाला सांगून त्याचा अर्थ कळायचा नाही.

तब्येत बरी. बीपीच्या एका गोळीच्या दोन झाल्या. यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आत्याबाई खाटेवर आहेत, पण आवाज तोच.

आकडा ४१. झोपेत माझा श्वास एकदा ४१ सेकंद थांबला होता. वर्षभर तो कागद माझ्या फायलीत पडून आहे. मला त्यातली एकच ओळ माहीत होती, की तासाला सरासरी २२ वेळा श्वास अडतो. काल दातांच्या डॉक्टरबाई पुढच्या तपासणीचा फॉर्म भरत होत्या. त्यांनी मधल्याच एका ओळीवर बोट ठेवलं आणि सहज म्हणाल्या, "सगळ्यात लांब थांबा एक्केचाळीस सेकंद." मला अंबाजोगाईची ती सात नंबरची खोली दिसली. कंदील, तुझी गोधडी, आणि तू भिंतीला टेकून बसलेली. "काल चाळीसपर्यंत गेले मी, मंगल. मग तुला गदागदा हलवलं."

आठवतंय ना? मला तर तेव्हापासून सगळं आठवायलंय.

तू अण्णांना सांगितलंस त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही. अण्णा डबा घेऊन आले होते, मेसच्या पायरीवर बसले होते, आणि तू सगळ्यांच्या देखत म्हणालीस, "काका, हिचा झोपेत श्वास बंद पडतो, हिला घेऊन डॉक्टरकडं जा." अण्णांचा चेहरा उतरला. मुलीचं लग्न व्हायचंय, असं चारचौघांत बोलू नये, एवढंच ते म्हणाले. आणि मी अण्णांच्या बाजूनं उभी राहिले. तुला नाही नाही ते बोलले. "तुला माझ्यासोबत राहायचं नसेल तर तसं सांग, रोगी कशाला ठरवतीस?" दिवाळीनंतर तू खोली बदललीस आणि मी गॅदरिंगपर्यंत तुझ्याशी बोलले नाही. माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की तू मला घोरणारी म्हणून हिणवलंस. श्वास थांबतो हे तू सांगत होतीस, ते मी ऐकलंच नाही.

आणि भूकंपाची रात्र. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला आलेले. सगळं हॉस्टेल हादरल्यावर जागं झालं. तू आधीपासून जागी होतीस. मला ओढत बाहेर काढलंस, पायात चप्पलसुद्धा घालू दिली नाहीस. सकाळी किल्लारीच्या बातम्या यायला लागल्या आणि बाकी सगळं मागं पडलं. पण विसर्जनाच्या रात्री दमूनभागून आल्यावर तू पहाटेची जागी का होतीस, हे मी ३२ वर्षांत तुला विचारलं नाही. आता विचारते. मोजत होतीस ना?

हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगते. गेल्या वर्षी मार्चमध्ये, दहावीच्या पेपराला, मी पर्यवेक्षक म्हणून वर्गात होते आणि खुर्चीत झोपले. डुलकी नव्हे, झोप. भरारी पथक दारात येऊन उभं राहिलं तरी मला कळलं नाही, पुढच्या बाकावरच्या पोरीनं उठवलं. नोटीस आली. २८ वर्षांच्या नोकरीत पहिला कागद. मुख्याध्यापकांनी विचारलं, "बाई, रात्री झोपत नाही का?" काय सांगू? नऊ तास झोपते आणि उठते तेव्हा रात्रभर ज्वारी काढल्यासारखं अंग असतं, डोकं जड, तोंड कोरडं. किती वर्षं हे थायरॉईडचं म्हणून, रक्त कमी म्हणून, मग पाळी गेली म्हणून चाललं होतं. प्रत्येकानं एक गोळी वाढवली. बाई थकली म्हटलं की कुणी झोपेचं विचारत नाही. घोरतो तो गडीमाणूस, असंच सगळ्यांच्या डोक्यात. पाळी गेल्यावर बायकांमध्येही झोपेत श्वास अडायचा हा आजार वाढतो, हे मला छत्रपती संभाजीनगरच्या छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. त्यांनी बीपीची दोन औषधं बघितली, माझा चेहरा बाजूनं बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "रात्री तुमच्या खोलीत कोण झोपतं?"

कुणी नाही. हे अकरा वर्षांपासून पुढच्या खोलीत, कूलरपाशी झोपतात. मला कधी एक शब्द बोलले नाहीत. कूलरची हवा आवडते म्हणाले, मी मानलं.

तपासणीत तासाला २२ निघाले. पाचच्या वर गेलं की आजार, १५ ते ३० म्हणजे मध्यम, ३० च्या पुढं तीव्र. पहिला उपाय म्हणून सीपॅप दिलं. नाकावर मास्क, त्याला नळी, यंत्र रात्रभर हवा दाबानं आत सोडतं आणि घसा मिटू देत नाही. दोन महिने भाड्यानं आणलं. यंत्राला मी नावं ठेवणार नाही, ज्या चार रात्री ते नीट चाललं त्या सकाळी मी कॉलेजातल्यासारखी उठले. पण एप्रिल-मे आपल्याकडचा. रात्री दोनला लाईट जायची, इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी, यंत्र बंद पडलं की मास्क तोंडावर तसाच, आणि मी घाबरून ओढून काढायची. पुढं पुढं लाईट असतानाही झोपेतच ओढून टाकायला लागले. सकाळी मास्क पलंगाखाली. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, आजार मध्यम आहे, तुमचा खालचा जबडा मागं आहे, दातांवर बसवायचं एक साधन असतं, ते बघू.

आता इथं माझी चूक ऐक. त्यांनी संभाजीनगरचा पत्ता लिहून दिला होता. मी म्हटलं, दाताचंच आहे तर इथं जवळ करून घेऊ. जवळच्या एका दवाखान्यात गेले. त्यांनी रिपोर्ट बघितला नाही, मागितलाच नाही. माप घेऊन रबरासारखी एक पट्टी दिली, "रात्री लावा, घोरणं जाईल." साडेतीन हजार. सहा महिने लावली. ती दात खाणाऱ्यांची पट्टी होती, नंदे! रात्री दात करकरा वाजवतात त्यांच्यासाठी. जबडा होता तिथंच. सहा महिने मी समजत होते की इलाज चालू आहे.

जानेवारीत मग खरी डॉक्टरबाई भेटली. सकाळच्या मराठवाडा एक्स्प्रेसनं गेले, परतूर, जालना करत. वाटेत झोप लागू नये म्हणून उभी राहिले. बाईंनी आधी रिपोर्ट मागितला. झोपेच्या डॉक्टरच्या कागदाशिवाय मी हात लावत नाही म्हणाल्या. मग दात मोजले. खाली-वर दोन्हीकडं पुरेसे पक्के दात लागतात, साधन त्यांनाच धरून बसतं. कानापुढं बोटं ठेवून जबड्याचा सांधा तपासला. हिरड्या सुजलेल्या, दोन दाढा किडलेल्या. आधी ते सगळं निस्तरायचं, मग पुढचं. मार्च त्यातच गेला.

मग मला म्हणाल्या, "घोरल्याचा आवाज काढा." मी लाजले. चोपन्न वर्षांची बाई खुर्चीत बसून घोरून कशी दाखवणार? काढला कसाबसा. "आता खालचा जबडा पुढं काढा आणि काढा आवाज." निघेना. तू करून बघ आत्ता. जीभ खालच्या जबड्याला आतून, पुढच्या बाजूला बांधलेली असते म्हणे. उताणं झोपलं की स्नायू सैल पडतात, जबडा मागं पडतो, जीभ त्याच्याबरोबर मागं जाते आणि घसा मिटतो. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा करतो, माणसाला ते आठवतही नाही. तासाला २२ वेळा. म्हणून नऊ तास झोपून झोप नाही.

आणि बाई म्हणाल्या, "तुमची हनुवटी जन्मापासून आत आहे, वाट आधीच अरुंद." नंदे, जिंतूरचं ते स्थळ आठवतं? "मुलगी सालस आहे, पण हनुवटी आत आहे." त्या रात्री तू त्या मुलाच्या नाकाची अशी नक्कल केलीस की रेक्टर वर आल्या. त्या हनुवटीपायी मी किती वर्षं फोटोत मान खाली घातली. तिनंच घसा अडवून ठेवला होता, हे आत्ता कळलं. वजन वाढलंय म्हणून होतं असं सगळे म्हणायचे, मी अर्धी भाकरी खाऊन उठायची. वजनानं वाढलं असेल, पण मूळ तिथं होतं. आणि तू मोजत होतीस तेव्हा तर मी ४४ किलोची होते.

साधन एप्रिलमध्ये मिळालं. वरच्या दातांना एक साचा, खालच्यांना एक, दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू. सुरुवातीला जबडा जितका पुढं येतो त्याच्या साधारण अर्ध्यावर बसवतात, मग दर आठवड्याला बारीक पान्यानं फिरवत अर्धा-अर्धा मिलिमीटर पुढं. पस्तीस हजार लागले. दाताचं म्हणून विमेवाल्यांनी हात वर केले. पाटल्यांतली एक मोडली, यांना सांगून मोडली. आत्याबाईंना वाटतं मी कवळी बसवली. शेजारणीला त्यांनी तसंच सांगितलं.

पहिले पंधरा दिवस जबडा ठणकायचा, उशी लाळेनं ओली. अजूनही सकाळी दाढेवर दाढ बसत नाही. भाकरीचा तुकडा तोंडात फिरतो, चावला जात नाही. त्यासाठी एक छोटा तुकडा दिलाय, तो उठल्यावर पंधरा मिनिटं चावून धरायचा, मग दात जागेवर येतात. काही वर्षांत दातांची ठेवण थोडी बदलू शकते, हे बाईंनी आधीच सांगितलं, कागदावर सही घेतली. मी केली. दात हलले तर हलू दे.

माझी काळजी दुसरीच आहे. हे लागू पडतंय का, ते मला कळत नाही. सकाळी डोकं हलकं वाटतं. शाळेत तिसऱ्या तासाला डोळे मिटत नाहीत. पण मला बरं वाटतंय यावर बाईंचा विश्वास नाही, आणि बरोबर आहे. घोरणं थांबतं आणि श्वास अडायचा तो अडतच राहतो, असंही होतं म्हणे. म्हणून साधन लावून पुन्हा तपासणी करायची. आकडा उतरला नाही तर परत मास्क. रात्री मी जागी होते आणि अंधारात पडून विचार करते, की आत्ता थांबला होता का? अण्णा झोपेतच गेले, तुला माहीत आहे. "किती शांत मरण आलं," असं सगळा गाव म्हणाला. मीही म्हणाले. अण्णांची हनुवटी माझ्यासारखीच होती, नंदे. त्यांचं घोरणं वाड्याच्या दारापर्यंत ऐकू यायचं. त्यांना काय झालं ते आता कुणी सांगू शकत नाही, पण मला रात्री तेच दिसतं. आणि थोरलीचाही चेहरा अण्णांवर गेलाय. तिला परवा म्हटलं, नवऱ्याला विचार तू घोरतेस का. ती म्हणाली, "आई, असं काय विचारायलीस!" अगदी अण्णांच्या आवाजात.

एक गोष्ट कबूल करायची राहिली. तुझ्या धाकटीच्या हळदीला मी आले नाही, लग्नाला सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळी परत गेले. शाळेत तपासणी आहे म्हणाले होते. तपासणी नव्हती. कार्यालयाच्या हॉलमध्ये बायकांच्या ओळीत झोपायचं, सगळ्यांना ऐकू जायचं, याचं भ्या वाटलं. अशी किती लग्नं मी रात्रभर जागून काढलीत, किती ठिकाणी गेलेच नाही. तू त्या दिवशी माझ्यासाठी गादी धरून ठेवली होतीस, हे मला नंतर कळलं. रागावलीस तर रागाव.

तुझा गुडघा कसाय? ऑपरेशन लांबवू नकोस. नातवाचा फोटो बघितला, नाक तुझंच. भाऊजींची पेन्शन सुरू झाली का?

आता काम सांगते. तपासणी घरीच करायची असते. छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा, आणि झोपायचं. जुलैच्या शेवटच्या शनिवारी ते यंत्र मिळणार आहे. त्या रात्री तू माझ्या खोलीत झोपायला ये. हे पुढच्या खोलीतच असतील, आत्याबाईंना ऐकू येत नाही. यंत्र मोजेल ते मोजेल, पण तू जागी असलीस तर मला झोप लागेल. मेसमधल्या पोळ्यासुद्धा मोजणारी बाई तू, तुझा आकडा चुकायचा नाही. चाळीसपर्यंत गेलीस तर हलव, दहावरच थांबला तर सकाळी सांग.

शनिवारी दुपारपर्यंत पोच, मी स्टेशनवर येते. येताना माझी किसणी आण, १९९४ पासून तुझ्याकडं आहे.

तुझी,
मंगल