लडाखच्या त्सो मोरिरी तळ्याच्या वाटेवरच्या आचोंना, म्हणजे आमच्या घोडेवाल्या दादांना

आचो, जुले!

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला वाचता यायचं नाही. तुमच्या पुतण्याचा फोन लागला की त्याला माझ्या मोडक्या हिंदीत सांगेनच. पण आभार चारचौघांत मानायचे होते, कारण खोटं मी चारचौघांतच बोलले होते.

रुमत्सेहून ट्रेकला निघालो तेव्हा आमच्या घोळक्यात सह्याद्री सगळ्यात जास्त तुडवलेली मीच, आणि ते मी सगळ्यांना ऐकवूनही झालं होतं. आमचं कळसूबाई १,६४६ मीटर. तुमच्या चांगथांग पठारावर तळ्याकाठची सपाटीसुद्धा साडेचार हजारांवर. तिथे ना कातळकडा, ना कारवीचं रान. नुसतं उघडं माळ, लांबवर कियांगांचा, म्हणजे रानगाढवांचा, कळप, आणि तासभर चाललं तरी समोरचा डोंगर होता तिथेच.

त्सो कार तळं मागे टाकून राजुंग कारूच्या मुक्कामी पोचलो तेव्हा विरळ हवेने डोकं आदल्या रात्रीपासून ठणकत होतं. लीडरने विचारलं, "बरं आहे ना?" म्हटलं, "मस्त!" रात्रीचा भात दगडाआड ओतला. तो कुणी पाहिला नाही. सकाळी तुम्ही पाहिलेत ते माझे बूट. दोन्ही नाड्या सुटलेल्या. वाकलं की कवटीत घण बसायचे, म्हणून त्या बांधल्याच नव्हत्या. तुम्ही उकिडवे बसलात, नाड्या बांधल्यात आणि मान वर न करताच म्हणालात, "घोडा बीमार होता है तो घास के लिए सिर नहीं झुकाता. आज नीचे."

मी वाद घातला. मोरिरी आता दोन-तीन दिवसांवर, पैसे भरलेले, सुट्टी मोजून घेतलेली. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, आणि ऐकता ऐकता पांढऱ्या घोड्यावरचं रॉकेलचं डबडं उतरवून दुसऱ्यावर लादलंतही. बाकीची जनावरं पुतण्याच्या हवाली केलीत.

गंमत अशी, की खाली जायला आधी होरलामची खिंड परत चढायची होती. ती तुम्ही मला घोड्यावर बसवून पार केलीत, स्वतः लगाम धरून चालत. मी दोनदा ओकले, दुसऱ्यांदा तुमच्या बाहीवर. तुम्ही बाही मातीने पुसलीत. त्याबद्दल माफी मागायची राहूनच गेली होती, ती आता मागते.

नुरुचेनच्या खाली तुमच्या नात्यातल्या चांगपा मेंढपाळांचा रेबो होता. याकच्या केसांच्या त्या काळ्या तंबूत मी दीड दिवस पडून होते. धूर छताच्या फटीतून जायचा, थोडा माझ्या डोळ्यांतही. तिथल्या अबींनी, म्हणजे आजींनी, दिलेला लोण्याचा खारट चहा पहिल्यांदा नाक दाबून प्यायले, चौथ्या वाटीला मागून घेतला. संध्याकाळी डोकं उतरलं तशी बाहेर येऊन बसले. शेळ्या दोन रांगांत समोरासमोर, माना एकमेकींत अडकवून एकाच दोरीने बांधलेल्या, आणि अबी मागून एकेकीची धार काढत चाललेल्या. ज्या पश्मिन्याची शाल आम्ही दुकानात फक्त हात लावून ठेवतो, तो त्या शेळ्यांच्या अंगावर शेणामातीने माखलेला.

तिसऱ्या दिवशी तुम्ही मला जेवायला लावलंत, ताट रिकामं होईपर्यंत समोर बसलात, आणि मग म्हणालात, "चलो, कुले-कुले." हळूहळू. 'यालुंग न्याऊ ला' ही खिंड चढताना मी दर वीस पावलांवर थांबत होते आणि तुम्ही माझ्या आधी थांबत होतात, जणू तुम्हालाच दम लागलाय. वर पोचल्यावर मोरिरी दिसलं. त्याचा निळा रंग सांगायला गेले तर मी पुन्हा फुशारकी मारतेय असं वाटेल, म्हणून राहू दे.

मोरिरीकाठच्या कोरझोकला जादा दिवसांचे पैसे पुढे केले तर तुम्ही घेईनात. नजर मात्र माझ्या सॅकला बांधलेल्या नायलॉनच्या दोरीवर होती. मी सोडून दिली. तुम्ही दोन्ही हातांत ताणून पाहिलीत, एक गाठ मारलीत, सोडवलीत आणि खूष झालात.

यंदा तशीच तीस मीटर घेऊन ठेवली आहे. लेहला जाणाऱ्या मैत्रिणीबरोबर पाठवते आहे. निळी मिळाली नाही, केशरी आहे.

तुमची,
नाड्या न बांधणारी मॅडम